कम्युनिटी कॉलेजात या वयात जाऊन बसता येतं का? (सनीव्हेल–क्युपर्टिनो)

वाळव्याची_लेक

नमस्कार मंडळी. गेल्या ऑगस्टच्या दहा तारखेला आम्ही सनीव्हेलला आलो. नवरा एच-१ या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. वर्क परमिट नाही आणि ग्रीन कार्डाची गाडी अजून स्टँडातूनच हललेली नाही, त्यामुळे ते परमिट इतक्यात मिळायचंही नाही. मुलगा पहिलीत. तो शाळेत गेला की अडीचपर्यंत घर खायला उठतं. इस्लामपूरला मी सात वर्षं बालवाडी घेतली, तीस-बत्तीस पोरं एका वेळी. इथे दिवसभरात माझं बोलणं होतं ते किराणावाल्याशी, तेही "बॅग नको" एवढंच.

मुलाला पोहायला नेताना रोज वाटेत डी अँझा हे कम्युनिटी कॉलेज लागतं. मी समजत होते की बारावी झालेल्या पोरांचं कॉलेज असेल. परवा फाटकातून एक आजोबा वॉकर घेऊन आत जाताना दिसले, पाठीला दप्तर! तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

विचारायचं असं: माझी बी.ए.ची मार्कलिस्ट गावी लोखंडी कपाटात आहे. ती लागते का? फी किती? छत्तिसाव्या वर्षी वर्गात जाऊन बसलं तर पोरं हसतात का? (हसू नका, खरं विचारतेय.) आणि मेच्या मध्याला सासूबाई येताहेत, सहा महिन्यांसाठी, व्हिजिटर व्हिसावर. अडुसष्ट वर्षांच्या आहेत, पाय धडधाकट, जीभ त्याहून. मॉलमध्ये त्यांना करमत नाही आणि रोज देवळात बसायला त्या तयार नाहीत. या कॉलेजांतून लोकांसाठी काही कार्यक्रम असतात म्हणे. त्यांना नेण्याजोगं काही आहे का?

सॅनहोजेकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं आयटीआय. त्यात वेळ घालवण्यापेक्षा ऑनलाइन टेस्टिंगचा किंवा क्लाउडचा कोर्स करा, परमिट आलं की लगेच नोकरी. बालवाडीचा अनुभव इथे कुणी विचारत नाही.

आंबेडाळ

सॅनहोजेकर, आयटीआयला नावं ठेवू नका, माझा भाऊ तिथलाच फिटर आहे आणि तुमच्या-माझ्यापेक्षा सुखी आहे. दुसरं म्हणजे, ज्या डी अँझाच्या आवारात १९८४ च्या जानेवारीत ॲपलचा पहिला मॅकिंटॉश संगणक लोकांसमोर आला, त्याला कमी लेखून या सिलिकॉन व्हॅलीत राहता येत नाही. ते जिथे झालं ते सभागृह, फ्लिंट सेंटर, २०१९ ला बंद पडलं, ते वेगळं. इथे दोन वर्षं काढून पुढे बर्कलीला गेलेली आपलीच मराठी पोरं मी पाहिलीत.

आता वाळव्याच्या लेकी, तुझ्याशी बोलते. मी एकावन्न वर्षांची, क्युपर्टिनोत २००६ पासून. पहिली अकरा वर्षं मीही त्या फाटकावरून नुसती गाडी नेली.

मार्कलिस्ट लागत नाही. अठरा पूर्ण असले की प्रवेश मिळतो, तीच तर या कॉलेजांची गंमत. काही विषयांना आधीचा विषय झालेला लागतो तेवढंच. अर्ज ऑनलाइन, फुकट, आणि सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी भरता येतो. एच-४ वर शिकायला कसलीही आडकाठी नाही, एक विषय घे नाहीतर चार. आडकाठी कमवायला आहे, शिकायला नाही.

फीचं मात्र नीट ऐक, इथेच बायका फसतात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला डी अँझात युनिटमागे (म्हणजे श्रेयांकामागे) ३१ डॉलर. चार युनिटांचा विषय म्हणजे १२४, वर किरकोळ शुल्क. पण रहिवासी ठरली नाहीस तर त्याच्या कितीतरी पट. रहिवासी ठरायला टर्म सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत इथे एक वर्ष आणि एक दिवस झालेला लागतो. एच-४ वाल्यांना हा हक्क आहे. म्हणजे तू दहा ऑगस्टला आलीस, तर जून-जुलैच्या समर क्वार्टरचा (इथल्या टर्मला क्वार्टर म्हणतात) मोह धरू नको. फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटाकडे सुरू होतं, तोवर तुझं वर्ष भरून महिना उलटलेला असेल.

आणि हे वर्ष कागदावर दाखवावं लागतं. मी गेले तेव्हा अकरा वर्षांची क्युपर्टिनोकरीण, तोऱ्यात गेले. खिडकीतल्या मुलीने विचारलं, तुमच्या नावाचं काय आहे? लीज यांच्या नावावर. लाइट बिल यांच्या नावावर. फोन यांच्या नावावर, इंटरनेट यांच्या नावावर. माझ्या पर्समधून निघालं ते लायब्ररीचं कार्ड आणि देवळातली अभिषेकाची पावती. अभिषेकाची पावती तेवढी माझ्या नावावर होती. ती मुलगी बिचारी हसली नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढ, बँक खात्यावर नाव घाल, राज्याच्या जॉइंट टॅक्स रिटर्नची प्रत काढून ठेव. लाइट बिलावर नाव घालून घे. आज घे, सप्टेंबरात नको.

मी पहिला घेतला तो अकाउंटिंग. यांच्या मित्राने सांगितलं, पुढे उपयोगी पडतं. तिसऱ्या आठवड्यात जायचं बंद केलं. मला वाटलं, गेलं नाही की नाव आपोआप कमी होतं, आपल्याकडे शिकवणीला होतं तसं. इथे नाही होत. ऑनलाइन जाऊन स्वतः 'ड्रॉप' करावं लागतं, आणि त्याच्या तारखा पहिल्याच दिवशी हातात दिलेल्या असतात. मी तो कागद फ्रिजवर लावला आणि त्यावर दूधवाल्याचा हिशेब केला. अजून माझ्या गुणपत्रकावर तो एफ आहे. चूक माझी. तू ड्रॉपची तारीख मोबाइलात घाल.

मग पुढच्या क्वार्टरला कुणालाही न विचारता सिरॅमिक्स घेतलं. मातीकाम. पहिल्या दिवशी बाईंनी विटेएवढा गोळा हातात दिला आणि मळायला सांगितलं, आतली हवा जाईपर्यंत. आजूबाजूची पोरं थापा मारत होती. मी कणीक मळायला घेतली, तळव्याच्या टाचेने पुढे रेटायची, दुमडायची, पाव फिरवायची, पुन्हा रेटायची. बाई येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, दररोज संध्याकाळी साडेसहाला. त्या दिवशी अख्ख्या वर्गाने माझ्याकडून मळायचं शिकून घेतलं. तू विचारलंस ना, पोरं हसतात का?

चाकावर मात्र माझी जिरली. माती मध्यावर येईना. गोळा हातात असा थडथड करायचा की दातापर्यंत जाणवायचं. शेजारी एकोणीस वर्षांचा व्हिएतनामी पोरगा बसायचा, कानात निळं डूल. त्याने माझं कोपर धरून मांडीवर टेकवलं आणि म्हणाला, हाताने नाही, अंगाने दाबा. पाचव्या आठवड्यात एक वाटी उभी राहिली. बसकट, एका बाजूला जाड, आपल्या आमटीच्या वाटीसारखीही नाही. भाजण्याआधी बुडाला सुईने नाव कोरायचं असतं, नाहीतर भट्टीतून निघाल्यावर कुणाची कुठली कळत नाही. मी पूर्ण नाव कोरलं, माहेरचं आडनाव धरून, तीन ओळींत. आता त्यात मीठ ठेवते.

त्यानंतर चाइल्ड डेव्हलपमेंटचे विषय घेतले. सॅनहोजेकर, हे तुमच्यासाठीही: बालवाडीचा अनुभव इथे विचारतात, पण युनिटं असली की मग. खाजगी प्रीस्कूलमध्ये शिक्षिका व्हायला राज्याच्या नियमाने या विषयाची १२ सेमिस्टर युनिटं लागतात, आपल्या क्वार्टरच्या हिशेबात १८. म्हणजे चार-पाच विषय. परमिट येईपर्यंत ते सावकाश होतात. माझं परमिट आलं तेव्हा माझी युनिटं तयार होती आणि गेली काही वर्षं मी रोज सकाळी चौदा पोरांचे बूट बांधते.

सासूबाईंचं. व्हिजिटर व्हिसावर त्यांना क्वार्टरच्या विषयात नाव घालता यायचं नाही, तो नाद नको. पण पाहुण्यासारखं जायला खूप आहे. डी अँझाच्या आवारात युफ्राट म्युझियम आहे, चित्रांचं, तिकीट नाही. दोन दालनं पाहून बाहेर झाडाखाली बसायचं, तासभर छान जातो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी फ्ली मार्केट भरायचं, आपला आठवडी बाजार. २०१९ मध्ये सासूबाईंना नेलं होतं. तिथे एका मेक्सिकन बाईकडे तीन पायांचा दगडी खल दिसला, काळ्या बसाल्टचा. त्या खाली बसल्या, आतून बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, "विचार तिला, टाकी लावून दिलीय का?" आता टाकी लावण्याला इंग्रजीत काय म्हणतात? मी हातानेच ठोकून दाखवलं. ती बाई लगेच म्हणाली, नाही, घरी नेऊन आधी तांदूळ वाटा, चारदा, पाचदा, करडा रंग जाईस्तोवर. सासूबाईंनी मान डोलवली. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि सौदा तीन डॉलर कमी करून झाला.

आणि फूटहिल कॉलेज. डी अँझाचं थोरलं भावंड, लॉस अल्टोस हिल्सवर, हायवे २८० वरून एल मॉन्टे रोडला उतरलं की लगेच. तिथे वेधशाळा आहे. आकाश निरभ्र असलं की शुक्रवारी रात्री नऊ ते अकरा लोकांना दुर्बिणीतून बघू देतात, फुकट, फक्त पार्किंगचे पैसे. २०१८ च्या ऑगस्टात यांच्या आईंना घेऊन गेलो. शनी आहे म्हटल्यावर त्या रांगेतून बाहेर. "मी आपणहून त्याच्या नजरेस पडू? काय वेड लागलंय?" मी म्हटलं, आई, तो नाही बघत, आपण बघायचंय. मागचा एक छोटा मुलगा शिडी चढून बघून आला आणि "कडं आहे, खरं कडं आहे" असं ओरडायला लागला, तेव्हा त्या चढल्या. आधी हात जोडले. मग बराच वेळ डोळा काढेनात, मागे पंधरा माणसं. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "एवढासाच? आणि ह्याच्यापायी आम्ही साडेसात वर्षं तेल वाहिलं."

गावाला फोनवर त्यांनी महिनाभर हीच गोष्ट सांगितली. गोल्डन गेटचं नावही काढलं नाही.

तारांगण

आंबेडाळ, तेल वाहिलं ते बरंच केलं, २०१८ ला शनीची कडी चांगली उघडलेली होती, फळ मिळालं! त्याच महिन्यात मंगळही पृथ्वीच्या जवळ होता आणि गुरू पश्चिमेला, एका रात्रीत तिन्ही.

वाळव्याची_लेक, एक सावध करतो. २०२५ च्या मार्चमध्ये कडी आपल्याला अगदी काठावरून दिसली, म्हणजे जवळजवळ नाहीशीच. आता हळूहळू उघडताहेत, पण फोटोत असतात तशी रुंद दिसायला अजून काही वर्षं जातील. शिवाय मे-जूनमध्ये शनी पहाटेचा ग्रह, नऊ वाजता नसणार. त्यांना मे-जूनात चंद्र दाखवा, शुद्ध अष्टमीच्या आसपासचा. पौर्णिमेला नेऊ नका. पौर्णिमेला विवरांच्या सावल्या पडत नाहीत, सगळं सपाट दिसतं. शनी सप्टेंबर-ऑक्टोबरात, जाण्याआधी.

तो डोंगर रात्री गार असतो. दिवसा सनीव्हेलला नव्वद फॅरेनहाइट असलं तरी स्वेटर, कानटोपी. आणि त्या दिवशी उघडं आहे का हे निघण्याआधी बघा, ढग आले की बंद. शनिवारी सकाळी दहा ते बारा सूर्य दाखवायचे, फिल्टर लावून, डाग स्पष्ट दिसतात. रात्रीचं जागरण नको असेल तर ते बरं.

फूटहिलच्याच स्मिथविक थिएटरमध्ये १९९९ पासून खगोलशास्त्राची व्याख्यानं होत आली, बुधवारी संध्याकाळी सातला, बोलणारे नासा आणि मोठ्या विद्यापीठांतले. भाषा साधी असते. जुनी यूट्यूबवर आहेत, पोळ्या करताना लावा.

पेठेबाहेरची

पुण्याहून वाचतेय. आमच्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ ला सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालते, उन्हाळ्यात, कुणीही जाऊन बसावं. माझे आजोबा छत्री घेऊन जायचे आणि वक्ता आवडला नाही तर छत्री उघडून निघायचे. पण व्याख्यान ऐकून घरी यायचं आणि पन्नाशीत विषयाला नाव घालून परीक्षा द्यायची, यात फरक आहे. दुसऱ्याची सोय आम्हाला मुक्त विद्यापीठात आहे, पण तिथे शेजारी कानात डूल घातलेला पोरगा बसत नाही. हेवा वाटला.

सॅनहोजेकर

आंबेडाळ ताई, फिटर भावाबद्दल माफी. १८ युनिटांचं माहीत नव्हतं. बायकोला दाखवलं. ती म्हणते, सिरॅमिक्सचा वर्ग संध्याकाळचा मिळतो का विचार.

आंबेडाळ

संध्याकाळचे वर्ग असतात, पण चाकं मोजकी, म्हणून जागा लवकर भरतात. भरलेलं दिसलं तरी वेटलिस्टवर नाव घालायला सांगा आणि पहिल्या दिवशी जाऊन उभं राहायला सांगा. पहिल्या आठवड्यात अर्धे गळतात. मी तशीच लागले.

आणि वाळव्याच्या लेकी, एक राहिलंच. सासूबाईंचे दात कसे आहेत? व्हिजिटर इन्शुरन्समध्ये दात धरत नाहीत, साध्या सफाईचं बिल बघून आपलेच दात आंबतात. फूटहिलमध्ये डेंटल हायजीनचं शिक्षण आहे आणि विद्यार्थ्यांचं क्लिनिक लोकांसाठी असतं, कमी पैशांत. प्रत्येक पायरीला शिक्षक येऊन तपासतात, त्यामुळे वेळ फार लागतो, अर्धा दिवस धरून चल आणि परत बोलावतील हेही धर. विणकाम घेऊन जा. दात काढणं, कवळी वगैरे तिथे नाही, फक्त सफाई आणि तपासणी. उन्हाळ्यात सुट्टी असू शकते, आधी फोन कर.

वाळव्याची_लेक

सगळ्यांना एकदम लिहिते. आंबेडाळ ताई, तुमचं वाचून परवा रात्री ह्यांना म्हटलं, लाइट बिलावर माझं नाव घालायचंय. ते म्हणाले, का गं, काय झालं? घाबरलेच. मग वाचायला दिलं. अभिषेकाच्या पावतीला हसले आणि नंतर गप्प झाले. काल त्यांनी पीजीअँडईला फोन लावला, पलीकडची बाई म्हणाली, ज्यांचं नाव घालायचं त्यांच्याशी बोलायचंय. फोन माझ्या हातात आला. नावाचं स्पेलिंग मी तीनदा सांगितलं. डी फॉर दापोली म्हणायला जाणार होते, आवरलं.

लीज जुलैत नवीन होतेय, त्यातही नाव घालणार. लायसन्सची लेखी परीक्षा पुढच्या गुरुवारी.

कॉलेजात आज दुपारी नुसती जाऊन आले. गाडी लावायला मशीन सापडेना, तर एका मुलीने सोबत येऊन दाखवलं. प्रवेशाच्या खिडकीत फॉलचं विचारलं. तिने विचारलं, कॅलिफोर्नियात कधी आलात? मी तारीख सांगितली, तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, जमतंय. बाहेर आले तर सिरॅमिक्सचा वर्ग कुठे ते माहीत नव्हतं, विचारत विचारत गेले. दार उघडं होतं. फळीवर ओल्या वाट्या मांडलेल्या, पंचवीस-तीस. कुणी नव्हतं म्हणून एक उचलून बुड बघितलं. नाव होतं, पण चिनी लिपीत.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर शनीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऑक्टोबरात ना? मग तिकीट नोव्हेंबरचं ठेव." दातांचं विचारलं तर म्हणाल्या, "मला कशाला नेतेस, तुझ्या सासऱ्यांचे बघ," आणि ते तर येतच नाहीयेत. फूटहिलच्या दातांच्या क्लिनिकला फोन उद्या सकाळी लावते.